मुकं पाणी

या, बायांनो, बाप्यांनो, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जवळ या, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका घरात लेकराच्या तोंडी शब्द यावा म्हणून दोन बायांनी आपापल्या तोंडाला कुलूप लावलं, आणि त्या कुलपापायी त्यातली एक पळायला लागली, ती पळत पळत थेट मुरबाडच्या डांबरी रस्त्याला लागली, त्याची ही गोष्ट. ऐकता ऐकता मांडीवरचं लेकरू मध्येच बडबडलं तर त्याला दटावू नका. आज मान त्याचाच आहे.

डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत वीसेक घरांचा एक पाडा आहे. पाड्याचं शेवटचं घर अनंताचं. अनंता वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी उजाडायच्या आत निघायचा. घरात त्याची आई धोंडूबाई, बायको रंजिता आणि दोन वर्षांची व्हायला आलेली लेक, दिशा.

धोंडूबाईचं तोंड म्हणजे पाड्याचा रेडिओ. कोंबड्यांना शिव्या, म्हशीला लाडीगोडी, शेजारणीला टोमणे आणि देवाकडे तक्रारी, सगळं एका दमात चालायचं. रंजिता अगदी उलट. मुरबाडकडच्या मोठ्या घरातली, पाच भावंडांतली मधली. पोर गप्प बसते म्हणजे गुणाची आहे, असं ऐकत वाढलेली. हो, बरं, आणते, ठेवते, एवढ्यात तिचा दिवस सरायचा.

आणि दिशा? पोर गोड, डोळ्यांत नुसता उजेड. भात वारवताना उडणारा फोलपटांचा धूर बघून खळखळून हसायची, कोंबडीच्या मागं लागायची, सांगितलेलं सगळं तिला समजायचं. पण शब्द म्हणून एक नाही. आई नाही, बाबा नाही, काऊ नाही. शेजारचं पोर, भाविक, तिच्याहून महिन्यानं लहान, तो "टाटा, काका, पापा" करत पाडाभर मिरवायचा, आणि रंजिता त्याचा आवाज आला की चुलीत उगाच फुंकर घालत बसायची.

अनंतानं लेकीला कल्याणला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, काही मुलं उशिरा बोलतात. घरात तिच्याशी भरपूर बोला, सहा महिन्यांनी परत दाखवा. गोळी नाही, बाटली नाही. "बोला" हेसुद्धा औषध असतं असं कुणाला वाटणार? ते औषध कल्याणच्या एसटी स्टँडवरच विसरून राहिलं.

मग भात घरात आल्यावर, कार्तिकातल्या एका दुपारी धोंडूबाई म्हणाली, "रंजे, आता घंटेचं पाणी करायला पायजे."

पाड्याच्या मागचा डोंगर चढून पलीकडच्या पठारावर उतरलं की महादेवाचं जुनं देऊळ आहे. जाऊन येऊन तीन कोस. देवळात एक काळी पडलेली घंटा आहे, तिचा नाद अंगावरून लाट गेल्यासारखा जातो. ज्या लेकराला वाचा फुटत नाही त्याच्या आईनं पहाटे उठून तिथं जायचं, घंटेवरून पाण्याची धार सोडायची, खाली तांब्यात धरायची, आणि ते पाणी आणून लेकराला उपाशीपोटी पाजायचं. सव्वा महिना. घराचा उंबरा ओलांडल्यापासून लेकराच्या ओठाला पाणी लागेपर्यंत आईनं बोलायचं नाही. म्हणून ते मुकं पाणी.

"आणि पाणी पाजल्यावर," धोंडूबाई बोट वर करून म्हणाली, "ऊन माथ्यावर येईस्तोवर पोरीशी कुनी बोलायचं नाय, पोरीपुढं पण नाय. नायतर बोलणाऱ्याचा शब्द तिच्या तोंडात शिरून बसतो, तिचा सोताचा बाहेर येत नाय. माझी आजी सांगायची."

रंजितानं मान डोलावली. तिनं कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती चालत गेली. परत आली तेव्हा दिशा केव्हाची उठून भुकेनं आकांत करत होती, आणि पाण्याच्या आधी तिला दूधही देता येईना. सासू-सून दोघी घामाघूम. दुसऱ्या दिवशी रंजितानं उतारावर पाऊल उचललं. तिसऱ्या दिवशी साडीचा काष्टा घातला आणि सपाटीवरही पळाली. तांब्याच्या तोंडावर पळसाचं पान बांधलेलं, एक हात त्यावर घट्ट, आणि तोंड त्याहून घट्ट.

आता इथं जरा थांबा, आणि ती पहाट डोळ्यापुढं आणा. खाली डोळखांबच्या बाजूला धुकं साचलेलं, दुधाच्या कढईवर साय धरावी तसं. कापलेल्या भाताचे सड दवानं भिजलेले. पायाखाली सागाची मोठाली पानं, ती वाजतात तेवढाच आवाज. आणि त्या सगळ्यातून एक बाई पळते आहे. कुणी तिला हाक मारत नाही, कुणी काही मागत नाही. चार दिवसांत धाप कमी झाली, आठ दिवसांत पाय आपोआप पडू लागले, आणि मग एके पहाटे, वाटेवर एकटा पळस उभा आहे त्याच्या वळणावर, रंजिताला तो ऐकू आला. दिशाचा आवाज.

म्हणजे खरा नव्हे. जागेपणी पडणारं स्वप्न म्हणा. वळणाच्या पुढं, धुक्यात, हाताला लागेल न लागेल इतक्या अंतरावर एक पोर बोलत होती. काय बोलते ते कळत नव्हतं, पण आवाज दिशाचाच, याबद्दल आईच्या मनात शंका नव्हती. ती पळाली, तो पुढं सरकला. ती थबकली, तोही थांबला. त्या दिवसापासून रोज पळसापाशी तो आवाज तिच्यापुढं व्हायचा आणि देवळाच्या पायरीवर विरून जायचा. पोटच्या लेकीच्या आवाजामागं कुठली आई पळणार नाही?

पाड्यातली माणसं मात्र हसायची. "रंजे, वाघ लागलाय का गो मागं?" पाणवठ्यावरची भागी विचारायची. रंजिताला उत्तर द्यायची बंदी. ती डोळ्यांनी हसून पुढं जायची. तीही चैनच होती. उत्तर न देण्याची मोकळीक तिला आयुष्यात प्रथमच मिळाली होती.

इकडं घरात काय झालं ते रंजिताला ठाऊक नाही, पण तुम्हाला सांगतो. ती पळायला लागून आठ दिवस झाले तेव्हा धोंडूबाई देवापुढं बसली आणि मनातल्या मनात म्हणाली, "महादेवा, सून पायानं देते, मी काय देऊ? माझ्याकडं एकच गोष्ट भरपूर हाय. माझी वाचा घे, नातीला दे. तिच्या तोंडून पयला शब्द येईस्तोवर मी तोंड उघडनार नाय." आणि असला नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की फळत नाही, हे तिला पक्कं माहीत. त्या दिवसापासून पाड्याचा रेडिओ बंद.

रंजिताला वाटलं, सासू रुसली. बायकोमाणसानं डोंगरातनं काष्टा घालून पळावं हे रुचलं नसेल. तिनं विचारलं नाही, आणि धोंडूबाईनं सांगितलं नाही. सासू बोटानं मीठ दाखवायची, सून मीठ द्यायची. अनंता शनिवारी आला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि बाहेर ओटीवर जाऊन बसला. दोन बायांच्या मध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण त्याला कारखान्यात न जाताही होतं.

सव्वा महिना सरला. शेवटचं पाणी पाजलं. दिशानं ते पिऊन ओठ पुसले, आईकडं बघून गोड हसली आणि बोटानं कोंबडी दाखवली. शब्द नाही.

त्या रात्री रंजिताला झोप नाही लागली, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल लेकीच्या काळजीनं. काळजी होतीच. पण पहाट झाली तेव्हा तिचे पाय पांघरुणात हलत होते. आजपासून जायचं कारण उरलं नव्हतं. पळस तिथं उभा असेल, धुकं उतरलं असेल, आवाज वळणावर येऊन वाट बघेल, आणि ती इथं भाकरी थापत असेल. ती उठली, तांब्या घेतला आणि सासूला खुणेनं सांगितलं, अजून एक सव्वा महिना करते. त्यात लेकीसाठी किती आणि पायांसाठी किती, हे तिचं तिलाच उमगत होतं, आणि वाटभर छातीत काहीतरी टोचत होतं. तरी ती पळाली.

पौषात अंगणवाडीची भावना वजनकाटा घेऊन पाड्यात आली. भावना म्हणजे सापगावची, ठणठणीत आवाजाची. अंगणात शिरली, पोरीला काट्यात बसवलं, आकडा लिहून घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आल्यापासून या घरात आपल्याशिवाय कुणीच बोललेलं नाही.

"काय गो, घरात काय झालंय का? कुनी गेलं-बिलं?"

धोंडूबाईनं नाही म्हणून मान हलवली. रंजितानं वर सूर्याकडं बोट दाखवलं. अजून माथ्यावर यायचा होता.

तेवढ्यात दिशा काट्यातून उतरली. कोपऱ्यातला तिचा छोटा पेला तिनं उचलला, त्यावर एक हात झाकला, ओठ घट्ट मिटून घेतले, गाल फुगवले, आणि अंगणाला गोल गोल पळायला लागली. तीन फेऱ्या. मग आजीपुढं उभी राहिली, पेला आजीच्या तोंडाला लावला, आणि मिटलेल्या ओठांवर बोट ठेवून आजीला दाखवलं. गप्प.

भावना हसली. मग तिचं हसू थांबलं.

"रंजिता, ही नक्कल कुनाची करते माहीत हाय ना? पोर शिकते गो, चांगली शिकते. तुमी जे शिकवता तेच शिकते." ती खाली मांडी घालून बसली. "सकाळपासून हिच्याशी कोण बोलतं?"

ऊन माथ्यावर यायला अजून घटकाभर वेळ होता. रंजितानं सूर्याकडं बघितलं, लेकीच्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं, आणि बोलली. "कोन नाय."

"आणि दुपारनंतर?"

"मी वालाच्या शेतात. आत्या..." तिनं सासूकडं पाहिलं. "आत्या माझ्यावर रुसल्यात."

धोंडूबाईचं तोंड उघडलं. हो, उघडलं! आत जीभ हललीसुद्धा. आणि मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि घरात निघून गेली. तिची दशा कुणी समजून घ्यावी! एका बाजूला भावनाचे शब्द, की पोरीशी बोला. दुसऱ्या बाजूला देवाला दिलेला शब्द, की बोलणार नाही. आता मोडला तर महादेव पोरीची जीभ कायमची बांधेल. बिचारी कणगीमागं बसून रडली, तेही आवाज न करता.

रंजितानं तांब्या धुऊन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. आपली पळायची हौस आपण लेकीच्या गप्पपणावर भागवली, असं तिच्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतलं म्हणजे घेतलं. आता दिवसभर लेकीशी बोलायचं ठरवलं. पण बोलायचं काय? जिनं जन्मात चार वाक्यं जोडून म्हटली नाहीत ती काय बोलणार? "दिशा, आई म्हण. म्हण आई. म्हण ना." पोर टकमक बघायची, आणि ओठांवर बोट ठेवायची.

पाचव्या दिवशी देवजीबुवा डोंगर उतरून आले. महादेवाच्या देवळातली दिवाबत्ती तेच करतात, आणि चाळीस वर्षं कीर्तनात मागं टाळ धरून उभे राहतात. पुढं उभं राहून कीर्तन करायचं त्यांनी कधी मनात आणलं नाही, पण त्यांच्या टाळाशिवाय कीर्तनकाराला सूर सापडत नाही असं आम्ही सगळेच म्हणतो.

"रोज पाच वाजता पायरीवर पावलं वाजायची," बुवा म्हणाले. "चार दिवस नाय वाजली. म्हटलं बघून यावं, सूनबाय बरी हाय ना."

रंजितानं सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं लांब ती पहिल्यांदाच बोलली असेल. बुवांनी दिशाला मांडीवर घेतलं.

"ऊन माथ्यावर येईस्तोवर बोलायचं नाय? हे कुनी सांगितलं? बाय, मुकं राहायचं ते वाटेपुरतं. पाणी पाजलं की मग आईनं पयला शब्द बोलायचा असतो. त्याच्यासाठीच तर एवढा वेळ साठवलेला असतो."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. धोंडूबाईच्या हातून ताट सुटलं होतं.

"आणि ही 'म्हण म्हण' काय लावलीस?" बुवा हसले. "कीर्तनात कधी बघितलंस? बुवा पुढं गातो. पूर्ण ओळ नाय गात. अर्धी गातो आणि शेवट आमच्याकडं सोडून देतो, आमच्या तोंडाकडं बघतो, थांबतो. त्या थांबण्यात आमचा घसा आपोआप उघडतो. 'म्हणा, म्हणा' असं तो आमच्या मागं लागला तर आमी घरी जाऊ. तू तुझं गात राहा. शेवट तिला सोड, आणि थांब. घाई करू नको. ती झेलंल."

"मी काय गाऊ, बुवा? मला काय येतं?"

"तीन कोस रोज गेलीस आलीस. वाटेत काय काय बघितलंस, ते तरी येतं ना?"

असं सुरू झालं. रंजिता दिशाला समोर बसवून वाट सांगायची. "मग आई खाली उतरली. खाली कोन होतं? ससा होता. ससा बसला, आणि आई आली तसा ससा..." इथं थांबायची. भुवया उंच, तोंड अर्धं उघडं. दिशा आईच्या ओठांकडं एकटक बघायची. पहिल्या आठवड्यात ओठांवरचं बोट सुटलं. दुसऱ्या आठवड्यात तिचे ओठ हलू लागले, पाण्यातला मासा हलवतो तसे. आवाज नाही, पण दार किलकिलं झालं होतं.

भावना पुन्हा आली तेव्हा म्हणाली, "आणि तुझं पळणं का सोडलंस? पाणवठ्यावरची भागी सांगत होती, हरणीसारखी जायचीस. आमी सापगावच्या चौघी रविवारी पळतो. माघात मुरबाडला बायकांची एकवीस किलोमीटरची शर्यत हाय. चल."

"नको. मी गप्प पळत होते म्हणून..."

"आमच्यात गप्प पळायचंच नाय!" भावना म्हणाली. "लांब पळायचं तर बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. बोलणं बंद पडलं की समजायचं, जास्त जोर लावलास. बोलणं हेच आमचं मीटर."

रंजितानं सासूकडं पाहिलं. धोंडूबाईनं दिशाला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं दाराकडं बोट दाखवलं. जा. त्या बोटात रुसवा नव्हता, हे रंजिताला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

अनंतानं वाशिंदच्या बाजारातून बूट आणले, ते दोन बोटं मोठे निघाले. पुढं कापडाचे बोळे घालून ती पळाली. चौघींबरोबर पळताना ती बोलायला शिकली. सासरची, माहेरची, वालाची, लेकीची. आधी एकेक शब्द, मग दोन दोन, अगदी लेकरं शिकतात तशी. आणि घरी येऊन तेच लेकीला सांगायची, शेवट सोडून. फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. पळसापाशी येणारा तो आवाज डांबरी रस्त्यावर कधी आला नाही. तिला वाटायचं, तो तिथंच वळणावर वाट बघत राहिला असेल.

माघातला तो रविवार उजाडला. मुरबाडला रस्ता बायकांनी फुललेला. कॉलेजातल्या पोरी, शिक्षिका, भाजी विकणाऱ्या, एक तर पन्नाशीची नऊवारी साडीतली. सरळगावच्या दिशेनं जायचं आणि माघारी यायचं. पहिले दहा किलोमीटर रंजिता भावनाच्या बरोबर बोलत पळाली. पंधराव्याला भावना मागं राहिली. रंजिता एकटी झाली आणि जुन्या सवयीनं तिचे ओठ मिटले.

ऊन चढलं. सतराव्या किलोमीटरला बरगडीखाली चमक निघाली. बोळे सरकून बुटात अंगठा सोलला होता. ती चालायला लागली. दोन्ही बाजूंनी बायका पुढं जात होत्या. डांबरावर मृगजळ हलत होतं, आणि तिनं त्या मृगजळात कान लावला, आवाज येतो का म्हणून. पुढं काहीच नव्हतं. नुसता तापलेला रस्ता. कशाला आलो आपण इथं, तिला वाटलं. ज्याच्यामागं पळत होतो ते पुढं नाहीच. घरी जाऊन लेकीजवळ बसावं. ती कडेला झाली, एका रसवंतीच्या पुढच्या बाकड्याजवळ, बसायला वाकली.

त्याच रसवंतीच्या पलीकडं, गर्दीत, अनंता आणि दिशाला कडेवर घेतलेली धोंडूबाई उभी होती. सकाळपासून उभी होती. तिनं बघितलं, सून खाली बसते आहे. तीन महिने दवात, काट्यात, सासूचा रुसवा समजून मुकाट पळालेली सून. आणि धोंडूबाईच्या छातीतून काहीतरी सुटलं. तिनं सोडलं नाही, ते सुटलं.

"पळ गो रंजे! बसतेस काय भवाने! पळ गो, पळ!"

रसवाल्याचं चाक थांबलं एवढा तो आवाज. तीन महिन्यांचा साठलेला. रंजिता चपापून ताठ झाली आणि न बघताच पळत सुटली, हाकेनं जनावर उठावं तशी.

आणि धोंडूबाईनं दोन्ही डोळे मिटले. मोडला. नवस मोडला. आपल्या तोंडानं आपण नातीचं तोंड बांधलं. तिनं अनंताचा खांदा धरला. "महादेवा," ती पुटपुटली, "चूक माझी. तिची नाय. तिला..." आणि पुढचं तिला बोलता येईना. ती थांबली.

त्या थांबण्यात, तिच्या कडेवरून, चिमणीनं चोच उघडावी एवढा आवाज आला.

"पल."

अनंतानं वळून बघितलं. दिशा हात पुढं करून, पळत्या आईच्या पाठीकडं बघत होती. गाल लाल, गळ्याची शीर ताठ.

"पल गो! पल!"

रंजिता पंचवीस पावलं पुढं गेली होती. तिला तो ऐकू आला. आजवर तो नेहमी पुढून आला होता, धुक्यातून. आज तो मागून आला. पहिल्यांदा मागून. आणि आज त्यातला शब्द कळत होता.

ती वळली. समोरून बायकांचा लोंढा येत होता, त्यातून उलटी धावत ती रसवंतीपाशी आली. "कोन बोललं? आत्या, कोन बोललं?"

"मी नवस मोडला गो," धोंडूबाई हमसून रडत होती. "वाचा दिलती देवाला, हिच्यासाठी. तीन महिने दिलती. तुला बघितलं आणि सुटलं तोंड..."

"तुमी रुसला नव्हता?"

"तुझ्यावर रुसू? मी?" धोंडूबाईला रडताना हसू फुटलं. "अगो, तुझ्या पळण्याची गोष्ट भागीला सांगायला माझी जीभ नुसती वळवळायची!"

दिशानं आईच्या घामेजल्या गालाला हात लावला. मग त्याच हातानं तिला ढकललं. रस्त्याकडं. भुवया उंच, तोंड अर्धं उघडं, अगदी आई थांबायची तशी ती थांबली, आणि मग शेवट तिनंच पुरा केला.

"पल गो."

पोर 'आई' म्हणेल म्हणून दोन वर्षं वाट पाहिली, आणि तिनं सासूच्या तोंडचा हुकूम सोडावा! रंजिता हसली, तोंड उघडं ठेवून हसली, आणि पळाली. उरलेले चार किलोमीटर ती मोठ्यानं बोलत पळाली. कुणाशी, विचारू नका. कितवी आली तेही विचारू नका. तिलाही सांगता येत नाही. येताना तिनं पदक दिशाच्या गळ्यात घातलं आणि दिशानं ते एसटीभर चघळलं.

आम्ही देवजीबुवांना विचारलं, नवस मोडला तरी देवानं कसं दिलं? बुवा टाळ पुसत म्हणाले, "देवानं म्हातारीची वाचा घेतलीच कुठं होती? ठेवून घेतली होती. वेळ आली तशी परत केली, दोघींना पुरेल एवढी."

दिशा आता इतकं बोलते की अनंता शनिवारी आला की पुन्हा ओटीवर जाऊन बसतो. रविवारी पहाटे रंजिता डोंगरावरनं देवळाकडं पळते, आणि पळसापाशी आली की "आले गो" म्हणते, सवयीनं.

मी तुमच्याकडं काही मागत नाही. पण तुमच्या घरात कधी एखादं लेकरू पहिला शब्द बोलेल. तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल, फोन कराल, पेढे आणाल. त्या गडबडीत एक क्षण थांबा, आणि डोळखांबच्या वरच्या पाड्यातल्या धोंडूबाईची आठवण काढा. बोलणं हीच जिची सगळी दौलत होती, आणि जिनं ती तीन महिने देवाच्या उंबऱ्यावर ठेवली होती, त्या म्हातारीची.